हातचा किती ठेवायचा

महालक्ष्म्यांना गावी आलो होतो. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी असं सगळं झाल्यावर माणूस जिथं बसतो तिथंच आडवा होतो, पण आमच्या अप्पांना जेवण झालं की प्रश्न सुचतात. ओसरीवर सुपारी कातरत म्हणले, "तू पुण्यात नेमकं करतोस काय रे? लोकं इचारतात, मी आपलं कॉम्प्युटर म्हणून सांगून टाकतो." म्हणलं अप्पा, धरणातलं पाणी विजेसाठी कधी सोडायचं, किती सोडायचं आणि किती मागं ठेवायचं याचं गणित करतो. अप्पा जरा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणले, "मंग ते तर मी बत्तीस वर्षं केलं की. मला नाही कुणी पुण्याला नेलं."

अप्पा रिटायर्ड पाटकरी. गाव आमचं जिंतूर तालुक्यातलं, येलदरीपासून फार लांब नाही, पण त्यांची नोकरी सगळी खाली वसमतच्या बाजूला पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यावर गेली. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, येलदरीचं पाणी पायथ्याच्या पॉवर हाऊसमधून (साडेबावीस मेगावॉटचं आहे, तीन मशिनी) खाली सिद्धेश्वर धरणात येतं आणि तिथून कालव्याला लागतं. म्हणजे आधी वीज करायची आणि मग त्याच पाण्यावर गहू-हरभरा. पाळ्या (कालव्याला पाणी सोडायच्या फेऱ्या) किती द्यायच्या हे काही पाटकरी ठरवत नाही, ते पावसाळा संपल्यावर वर बैठकीत ठरतं, पण ठरलेलं पाणी टेलच्या, म्हणजे कालव्याच्या पार शेवटच्या, शेतकऱ्यापर्यंत पोचवायचं आणि नाही पोचलं की शिव्या खायच्या हे काम त्यांचं. अप्पांचा एक शब्द मला लहानपणापासून माहिती आहे, हातचा. शाळेत बेरजेत हातचा एक धरतो ना, तोच. बैठकीत चार पाळ्या ठरल्या की अप्पा ओळखीच्या माणसाला हळूच सांगायचे, तीन धरून पेर, एक हातची समज.

मी जे करतो ते याच हातच्याचं गणित आहे, हे मला दोन वर्षं एमटेक करून आणि सहा वर्षं नोकरी करून त्या दुपारी ओसरीवर कळलं. म्हणून म्हणलं लिहून टाकावं, कारण यावर मराठीत फारसं काही माझ्या वाचण्यात आलेलं नाही आणि जे आहे ते इतकं कोरडं की दुसऱ्या पानावर झोप येते.

मुद्दा काय आहे बघा. धरणातलं पाणी फुकट असतं असं आपल्याला वाटतं, कारण कोळसा विकत घ्यावा लागतो, डिझेल विकत घ्यावं लागतं, पाणी वरून पडतं. मग आज टर्बाईन फुल सोडा की, कोळसा वाचतोय, बिल वाचतंय. पण आज सोडलेला थेंब पुढच्या वर्षी नसतो, आणि पुढच्या वर्षी पाऊस नाही झाला तर तेव्हा जी महागडी वीज घ्यावी लागेल किंवा घेता न आल्यामुळं जे भारनियमन होईल, तो खर्च आज सोडलेल्या पाण्याच्या नावावर पडतो. बरं म्हणून पाणी राखून ठेवलं आणि पुढचा पावसाळा जोरात झाला, तर राखलेलं सगळं सांडव्यावरून वाहून जातं आणि आपण वर्षभर उगाच कोळसा जाळलेला असतो. दोन्हीकडून मार. म्हणजे पाणी फुकट नाही, त्याला किंमत आहे, फक्त ती पावतीवर छापलेली नाही, ती भविष्यात लपलेली आहे. नॉर्वेवाले, ज्यांची जवळपास सगळी वीज पाण्यावर चालते, ते तिला सरळ पाण्याचं मूल्य असंच म्हणतात आणि रोज काढतात.

आता हे अप्पांना कसं सांगायचं? मी लॅपटॉप न काढता त्यांच्याच डायरीच्या मागच्या पानावर एक हिशोब मांडला. तुम्हीपण मांडून बघा, पाचवीची आकडेमोड आहे.

समजा एक धरण आहे, त्यात आज १०० माप पाणी, एका मापाची एक माप वीज. धरणात १०० च्या वर मावत नाही. गावाला यंदा १०० माप वीज लागते आणि पुढच्या वर्षीपण १००. पाण्याशिवाय दुसरं काय आहे, तर कोळशाची वीज, वर्षाला जास्तीत जास्त ५० माप, ४ रुपये भावानं. त्याच्यावर लागली तर डिझेल, १२ रुपये. पुढच्या पावसाळ्यात काय होईल, तर तीन शक्यता सारख्याच. चांगला पाऊस, १०० माप येतील. मध्यम, ५० येतील. कोरडा, शून्य. आता सांगा यंदा किती पाणी वापरायचं आणि हातचा किती?

पहिलं जे सगळ्यांच्या डोक्यात येतं ते म्हणजे सरासरी काढा. १००, ५०, शून्य यांची सरासरी ५०. म्हणजे पुढच्या वर्षी ५० येणार असं धरून चाला. यंदा सगळं पाणी वापरलं, हातचा शून्य, तर यंदाचा खर्च शून्य आणि पुढच्या वर्षी ५० पाण्याची आणि ५० कोळशाची, खर्च २००. आणि ५० मागं ठेवले तर यंदा ५० कोळसा, म्हणजे २००, पुढच्या वर्षी ५० अधिक ५० असं पूर्ण पाणी, खर्च शून्य. दोन्हीकडं २००. म्हणजे सरासरीचं गणित सांगतंय की हातचा ठेवा नाहीतर ठेवू नका, काही फरक पडत नाही. ज्याला काही फरक पडत नाही तो माणूस काय करतो? वापरून टाकतो.

आता तिन्ही पावसाळे वेगवेगळे धरून बघा. हातचा शून्य ठेवला तर चांगल्या वर्षी खर्च शून्य, मध्यमला २००, आणि कोरड्याला ५० कोळशाचे २०० आणि ५० डिझेलचे ६००, मिळून ८००. तिन्हींची सरासरी ३३३. आणि ५० चा हातचा ठेवला तर यंदाचे २०० गेले, पण पुढच्या वर्षी चांगल्याला शून्य (तेव्हा ५० माप सांडव्यावरून गेले ते वेगळंच), मध्यमला शून्य, कोरड्याला फक्त कोळशाचे २००, सरासरी ६७. मिळून २६७. म्हणजे जिथं सरासरीचं गणित फरक नाही म्हणत होतं तिथं सरळ ६६ रुपयांचा फरक निघाला.

अजून एक स्टेप. हातच्यातल्या एका मापाची किंमत किती? चांगल्या वर्षी शून्य, कारण ते वाहूनच जाणार. मध्यम वर्षी ४, कारण कोळसा वाचतो. कोरड्या वर्षी १२, कारण डिझेल वाचतं. बेरीज १६, भागिले ३, म्हणजे ५ रुपये ३३ पैसे. ही पाण्याची आजची किंमत. कोळसा ४ ला मिळतोय आणि धरणातलं पाणी ५.३३ चं आहे, तर आज कोळसा जाळा, पाणी ठेवा. पण ५० च्या पुढं ठेवायला गेलं तर आज डिझेल जाळावं लागतं १२ नं, आणि पुढं ठेवलेल्या मापाचा उपयोग फक्त कोरड्या वर्षी, तोपण फक्त ४ चा कोळसा वाचवायला, म्हणजे किंमत १.३३. तिथं थांबा. झालं. हातचा ५०.

अप्पांनी डायरी लांब धरून दोनदा वाचलं. चष्मा घरात होता. म्हणले, "मंजे कोरडं वर्ष तीनात एकदाच येतंय, पण भाव तेच ठरवायलंय." मी गप्प. हे मला समजायला एक अख्खं सेमिस्टर लागलं होतं.

आपल्याकडच्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. मराठवाड्यात सरासरी पाऊस हा प्रकार कागदावरच असतो. जायकवाडीचंच बघा, १०२ टीएमसीचं धरण, त्यातले २६ टीएमसी मृतसाठ्यात. २०१९ च्या मे महिन्यात पाणी त्या मृतसाठ्यात उतरलेलं होतं आणि त्याच वर्षी ऑगस्ट संपेपर्यंत धरण नव्वद टक्क्यांच्या वर, तेपण पैठणला म्हणावा असा पाऊस न होता, कारण जायकवाडी भरतं ते नाशिक-नगरच्या घाटातल्या पाण्यानं. इकडं पेरण्या करपायल्या आणि तिकडं नाथसागर भरायलाय असं चित्र आपण कितीदा बघितलंय. आणि त्याच्या तीन वर्षं आधी, २०१६ ला, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आता या सगळ्याची सरासरी काढून कुणी मला म्हणलं की एकंदरीत ठीक आहे, तर मी त्याला लातूरच्या त्या टँकरच्या रांगेत नेऊन उभा करीन.

आणि एक गोष्ट पुस्तकात नसते ती आमच्या परळीनं शिकवली. माझ्या हिशोबात कोरड्या वर्षीपण कोळशाची ५० माप वीज मिळतेच असं धरलंय. पण औष्णिक केंद्रालापण पाणी लागतं. परळीचं केंद्र २०१३ ला पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं, २०१५ ला परत. म्हणजे ज्या वर्षी धरण कोरडं त्याच वर्षी आधाराला ठेवलेला कोळसापण गेला, दोन्ही संकटं हात धरून आली. हिशोबात हे घातलं, की कोरड्या वर्षी कोळसा शून्य, डिझेल ५० मापांपर्यंतच, आणि त्याच्यापुढं अंधार, ज्याचं नुकसान मापाला ३० रुपये धरलं, तर हातच्यातल्या मापाची किंमत शून्य अधिक ४ अधिक ३०, भागिले ३, म्हणजे ११ रुपये ३३ पैसे. दुपटीच्या वर गेली! धरण तेच, पाऊस तोच, फक्त आधार कधी तुटतो ते खरं लिहिलं. मी पाहिलेल्या कितीतरी कागदांवर कोळसा आणि पाऊस यांचा एकमेकांशी काही संबंध नाही असंच धरलेलं असतं, आणि ते लिहिणारा माणूस बहुतेक नदीकाठच्या हिरव्यागार देशात बसलेला असतो, त्याचीपण चूक नाही म्हणा.

बरं हे एका धरणाचं, दोन वर्षांचं झालं. खरं काम दर महिन्याचं किंवा आठवड्याचं असतं, चार-पाच वर्षं पुढंपर्यंत बघावं लागतं, आणि धरणं एकाखाली एक असतात, वरच्यानं सोडलं की खालच्याला मिळतं. दर महिन्याला पावसाच्या तीनच शक्यता धरल्या तरी एका वर्षात पाच लाख एकतीस हजार वेगवेगळे पावसाळे तयार होतात. दोन वर्षांत अठ्ठावीस हजार कोटी. पाच वर्षांचं झाड (दर महिन्याला प्रत्येक फांदीला तीन नवीन फांद्या) काढायला गेलात तर ४ च्या पुढं २८ शून्यं. हे कुठल्याच कॉम्प्युटरला जमणार नाही, आज नाही आणि उद्यापण नाही.

या प्रश्नाच्या मागं लागलेली माणसं जुनी आहेत. फ्रान्समध्ये पिएर मासे नावाचा इंजिनियर होता, वीज कंपन्यांत धरणं बघायचा, त्यानं १९४० च्या दशकातच हे मांडलं की धरणातून पाणी असं सोडायचं की आज सोडलेल्या पाण्याचा फायदा आणि उद्यासाठी राखलेल्याचा अपेक्षित फायदा सारखा व्हावा. पुढं तो फ्रान्सच्या नियोजन आयोगाचा प्रमुख झाला. मग १९५० च्या दशकात अमेरिकेत रिचर्ड बेलमननं हेच सगळीकडं लागू पडेल असं केलं. त्याची युक्ती अशी की शेवटून सुरू करा. शेवटच्या महिन्यात धरणात इतकं पाणी असेल तर खर्च किती, ते काढून ठेवा, मग त्याच्या आदल्या महिन्याचं, असं मागं मागं येत आजपर्यंत पोचा. म्हणजे झाड काढायची गरजच नाही, प्रत्येक महिन्याला फक्त एक तक्ता, धरण किती भरलंय आणि इथून पुढचा खर्च किती.

पण इथंपण खीळ बसते. एका धरणाच्या पातळीचे दहा टप्पे केले तर तक्त्यात दहा ओळी. दोन धरणं, शंभर. दहा धरणं म्हणजे एक हजार कोटी ओळी, आणि हे एका महिन्याचं. बेलमननंच याला नाव दिलं, मितींचा शाप. ब्राझीलमध्ये तर मोठी धरणं शंभराच्या वर आहेत, तिथं शाप नाही, आख्खं घराणं बुडतंय.

आणि यातून वाट काढलीपण ब्राझीलवाल्यांनीच. मारिओ परेरा आणि लिओन्तिना पिंटो या दोघांनी १९९१ ला एक पेपर लिहिला, आमच्या धंद्यातला प्रत्येक माणूस त्याच्यावरच जगतो. कल्पना सांगतो, लांबलचक नावात जाऊ नका. (नाव एसडीडीपी. फुल फॉर्म सांगितला तर तुम्ही इथंच पोस्ट बंद कराल.)

घरची जुनी बाज डोळ्यासमोर आणा, सुंभ सैल होऊन मधी झोळ पडलेली. तो झोळ म्हणजे भविष्यातल्या खर्चाचा आकार. धरण रिकामं असेल त्या टोकाला खर्च उंच, तिथून तो झपकन खाली येतो, आणि धरण भरलेलं असेल तिकडं जवळजवळ सपाट, कारण भरलेल्या धरणात अजून एक माप घातलं तरी फारसा फरक पडत नाही. बेलमन म्हणतो झोळाचा प्रत्येक बिंदू मोजून तक्त्यात लिहा. परेरा-पिंटो म्हणतात कशाला, बाजेखाली जाऊन एक फळी झोळाला टेकवा, तिरपी, जिथं टेकली तिथला उतार तिला मिळतो. मग दुसरी फळी दुसरीकडं टेकवा. आठ-दहा फळ्या टेकवल्या की झोळाचा आकार खालून बऱ्यापैकी कळतो, आणि फळी साठवायला दोनचार आकडे पुरतात. आणि फळीचा उतार म्हणजे काय? तेच, ५ रुपये ३३ पैसे. पाण्याची किंमत!

फळ्या कुठं टेकवायच्या, हा खरा मजेचा भाग. बाज तर शंभर धरणांची आहे, सगळीकडं टेकवायला गेलं तर परत शाप. म्हणून आधी फासे टाकून काही पावसाळे खोटे खोटे पाडायचे, आणि आत्तापर्यंतच्या फळ्यांच्या भरवशावर पुढं पुढं चालत जायचं, या महिन्यात एवढं सोडलं, धरण इथं आलं, पुढच्या महिन्यात तिथं. मग शेवटाला पोचलं की उलटं फिरायचं आणि ज्या ज्या पातळीला धरण खरंच पोचलं होतं तिथंच नवीन फळी टेकवत मागं यायचं. परत फासे, परत पुढं, परत मागं. जिथं धरण कधी जाणारच नाही तिथं एक फळीपण वाया घालवायची नाही. सगळ्या फळ्या झोळाच्या खालीच असतात, त्यामुळं त्यांनी सांगितलेला खर्च खऱ्यापेक्षा कमीच असतो, आणि फासे टाकून चालून बघितलं की खरा खर्च अंदाजे कळतो, दोन्ही जवळ आले की थांबायचं. रात्री जेवायच्या आधी रन लावला की सकाळी उठेपर्यंत होतं, कधी कधी होत नाही, मग साहेब विचारतात काय झालं आणि मी फळ्या मोजत बसतो.

यात एक अट आहे ती सांगून टाकतो नाहीतर कुणीतरी कमेंट करेल. झोळ सगळीकडं खालच्या बाजूलाच असला पाहिजे, मधीच वर फुगवटा आला की फळी टेकत नाही. आणि खऱ्या धरणात फुगवटे असतात. एक घनमीटर पाणी ३६७ मीटर खाली पडलं तर एक युनिट वीज होते, तीपण काहीच वाया गेलं नाही असं धरून. तेच पाणी ३० मीटरवरून पडलं तर एका युनिटला बारा घनमीटर लागतात. म्हणजे धरण भरलेलं असताना त्याच पाण्याची वीज जास्त होते आणि तळाला गेलं की कमी, आणि हे एकदा हिशोबात घेतलं की आकार बिघडतो. त्यावर लोकांनी बरेच जुगाड केलेत, त्यात जात नाही.

माझी स्वतःची फजिती सांगतो, ती याच्यापेक्षा मजेदार आहे. नोकरीला लागून सहा महिने झाले होते. मला म्हणले, जुन्या वीस वर्षांच्या आवकेवर आपला प्रोग्राम चालवून दाखव, किती खर्च वाचला असता. मी चालवला. रिझल्ट असा भारी की मलाच खरं वाटेना, एकदापण सांडवा नाही, एकदापण भारनियमन नाही, दर जूनला धरण बरोबर तळाला आणि दर ऑक्टोबरला बरोबर काठोकाठ. दोन दिवस सगळे खूष, मिटिंगमध्ये स्लाईड पण लागली. तिसऱ्या दिवशी एका सिनियर मॅडमनी शांतपणे विचारलं, हा तुझा प्रोग्राम एप्रिलमध्येच मोकळ्या हातानं पाणी का सोडतोय? बघितलं तर मी प्रत्येक वर्षाची बारा महिन्यांची आवक एकदमच आत दिलेली. म्हणजे त्याला एप्रिलमध्येच माहिती होतं की सप्टेंबरला पूर येणार. असा माणूस आमच्या गावात असता तर त्याची देवळात पूजा केली असती. जे अजून घडलं नाही ते निर्णयाला दिसता कामा नये, हा या विषयातला पहिला नियम, पुस्तकात पहिल्याच प्रकरणात असतो, आणि मी तोच मोडला होता. नीट करून परत चालवला तेव्हा वाचलेला पैसा बराच कमी निघाला. स्लाईड काढली.

तेव्हापासून कुणी माझ्यासमोर पुढच्या वर्षाचं महिनावार वेळापत्रक ठेवलं, मे मध्ये इतकं सोडू, डिसेंबरमध्ये इतकं सोडू, की मला ते खोटं वाटतं. डिसेंबरचा आकडा आज ठरवायचाच नसतो. आज फक्त आजचा आकडा ठरवायचा आणि डिसेंबरसाठी फळ्या ठेवायच्या, की तेव्हा धरण इथं असेल तर असं, तिथं असेल तर तसं. वेळापत्रक नाही, नियम.

आणि गंमत म्हणजे असा नियम आपल्याकडं वीजवाल्यांनी नाही, पाण्याच्या भांडणानं आणला. जायकवाडीच्या वरच्या धरणांनी किती पाणी वापरायचं यावरून नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा जे चाललं होतं, त्यात मेंढेगिरी समितीचा २०१३ चा अहवाल आला, आणि त्यात तक्ता आहे, जायकवाडी किती भरलंय त्यानुसार वरच्यांनी खरिपाला किती वापरायचं, रब्बीला किती. पुढं १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्के साठा नसेल तर वरून सोडायचं असं आलं. त्या आकड्यांवर दरवर्षी दोन्हीकडची माणसं भांडतात, भांडोत बापडे, पण बांधणी बघा, यंदा इतके टीएमसी सोडा असं त्यात नाही, धरण बघून ठरवा असं आहे. मी हे अप्पांना सांगितलं तर म्हणले तक्ता चांगलाय, पाणी निघाल्यावर वाटेत मोटारी किती लागतात त्याचा रकाना कुठंय. तो रकाना एसडीडीपीतपण नाही.

कोयनेचं वेगळंच. तिथं पाण्यापेक्षा कोटा आधी संपतो. पश्चिमेकडं वळवून वीज करायला कृष्णा लवादानं वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी ठरवून दिलेत, वर्ष १ जून ते ३१ मे. १९६० मेगावॉटचा प्रकल्प, पण मशिनी आहेत म्हणून बाराही महिने फिरवता येत नाहीत. मग संध्याकाळी सगळ्या महाराष्ट्रात दिवे लागतात त्या वेळेला पाणी खर्च करायचं, दुपारी हात आखडता. तिथं पाण्याची किंमत म्हणजे खरं तर कोट्याची किंमत. मे संपत आला आणि कोटा शिल्लक असला तर तिची किंमत शून्याकडं जाते, आणि उन्हाळा बाकी असताना कोटा संपत आला की ती डिझेलच्याही वर चढते. धरणात पाणी तेवढंच असू शकतं दोन्ही वेळेला.

आता ब्राझीलचं थोडं, कारण इतकं हुशार गणित असूनपण २००१ ला तिथं वीज संपली. जूनपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत लोकांना विजेचं रेशनिंग, वीस टक्के वापर कमी करा नाहीतर दंड. पाऊस कमी झाला होता हे खरं, पण नवीन केंद्रं आणि लाईनी वेळेवर झाल्या नव्हत्या, आणि धरणं मागच्या काही वर्षांत हळूहळू उपसली गेली होती. गणिताला फक्त सरासरी खर्च कमी करायला सांगितलं की ते शंभरातल्या वाईट चार वर्षांकडं जरा काणाडोळा करतं, कारण बाकीच्या शहाण्णव वर्षांत तेवढा फायदा निघतो. पण माणसं शंभर वर्षं जगत नाहीत आणि सरकारं तर पाचच. नंतर २०१३ ला त्यांनी अधिकृत मॉडेलमध्ये बदल केला, सगळ्या शक्यतांच्या सरासरीसोबत सगळ्यात वाईट शक्यतांची वेगळी सरासरीपण काढायची आणि तिला जादा वजन द्यायचं. मग पाण्याची किंमत वर जाते, हातचा वाढतो, आणि चांगल्या वर्षी पाणी वाहून गेलं की पेपरवाले विचारतात, एवढा कोळसा कशाला जाळला. त्याला उत्तर नाही. विम्याचा हप्ता भरला आणि वर्षभर काही झालं नाही तर तुम्ही एजंटाला शिव्या देता का? देता. मी पण देतो.

रिकाम्या जागेचीपण किंमत असते, हे मात्र मला गणितानं नाही, पैठणच्या मावशीनं सांगितलं. २००६ च्या पुरात जायकवाडीतून पाणी सोडल्यावर पैठणमध्ये घरांत पाणी शिरलं, मावशीचं अर्ध्या भिंतीपर्यंत. ती आजपण धरण ९५ टक्के झाल्याची बातमी आली की सामान माळ्यावर टाकते. बाकी मराठवाडा पेढे वाटतो आणि ती बोचकी बांधते. ऑगस्टमध्ये धरण काठोकाठ असणं म्हणजे पुढच्या पुरासाठी जागाच नसणं, तेव्हा अजून एका मापाची किंमत शून्याच्याही खाली जाते. आणि तेच माप ऑक्टोबरात सोन्याचं.

संध्याकाळी अप्पांनी डायरी परत काढली. म्हणले, तू तीनात एक कोरडं धरलंस, ते कुठून आणलं? म्हणलं उदाहरणाला घेतलं. म्हणले असं नाही चालणार, आणि मग आम्ही दोघं मायला मधी घेऊन मोजत बसलो, कोणत्या वर्षी विहीर कधी आटली. मायला वर्षं आकड्यांत आठवत नाहीत, ताईच्या लग्नाचं वर्ष, गाय विकली ते वर्ष, तुझं दहावीचं वर्ष. वीस वर्षांत सहा निघाली. अप्पा म्हणले सात, एका वर्षी शेवटचे दोन महिने टँकर होता. माय म्हणली टँकर गावाला होता, आपल्या विहिरीला पाणी होतं. अर्धा तास त्यावर गेला. शेवटी साडेसहा धरलं. वीसात साडेसहा, म्हणजे काढून बघा, तीनात एकच होतंय जवळजवळ!

आता रात्रीचे सव्वाबारा झालेत. आमच्या फिडरला या आठवड्यात थ्री फेज रात्री साडेबाराला येते, आणि दोन आठवडे पाऊस नाही म्हणून हळदीला पाणी द्यायचंय. अप्पांनी सांगितलंय अर्धाच प्लॉट भिजव, हस्ताचा पाऊस बघू. मी विचारलं किती टक्के शक्यता धरताय, तर कूस बदलून म्हणले, "आधी मोटार चालू कर जा."